स्टॉक्टनच्या लोला



थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें आपण आकाशवाणीवरून वेळोवेळीं ऐकतां. आज मी ज्या बाईंविषयीं बोलणार आहें त्यांचें नांव कोणत्याही ग्रंथांत नाहीं. तें जाहीर व्हावें अशी त्यांच्या घरच्यांचीही इच्छा नाहीं. म्हणून मीही तें सांगणार नाहीं. त्यांचीं नातवंडें त्यांना 'लोला' म्हणत. फिलिपाइन्स बेटांत लोला म्हणजे आजी. शेजारामुळें आम्हीही त्यांना लोलाच म्हणूं लागलों.

माझी मुलगी आणि जांवई अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतांतील स्टॉक्टन शहरीं राहतात. मी २०१७ सालीं शाळामास्तरकींतून निवृत्त झालों. त्यानंतर २०१८ च्या पूर्वार्धांत आणि २०२२ च्या उत्तरार्धांत आम्ही उभयतां सहा सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहिलों. कुंपणापलीकडचें घर लोलांचें. पहिल्या खेपेस त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. दुसऱ्या खेपेस आम्ही तेथें असतांनाच, ऑक्टोबर महिन्यांत, शहाण्णव वर्षांचें आयुष्य संपवून त्या गेल्या. त्यांच्या तोंडून जें ऐकलें, आणि त्यांच्यामागें त्यांच्या थोरल्या मुलीच्या तोंडून जें ऐकलें, तेवढेंच आज सांगणार आहें.

पहिली ओळख झाली ती शेवग्यामुळें. आमच्या मंडळींनीं दुसऱ्याच दिवशीं कुंपणापलीकडे शेवग्याचें झाड हेरलें. झाड कसलें, पुरुषभर उंचीचें रोप. परंतु त्याच्या बुंध्याला जुन्या घोंगडीचें वेष्टण! जानेवारीचे दिवस होते. त्या प्रदेशांत हिंवाळ्यांत दाट धुकें आणि दंव पडतें, तें शेवग्याला सोसत नाहीं. म्हणून ही ब्याण्णव वर्षांची म्हातारी रोज सायंकाळीं काठी टेकीत येऊन त्याला पांघरूण घालीत असे. आमच्या मंडळींना इंग्रजी जेमतेम चार शब्द येतें, आणि लोलांचें इंग्रजी त्यांच्या स्वतःच्या वळणाचें. तरी शेवग्याचा पाला केव्हां खुडावा आणि कारल्याचा कडूपणा कसा मारावा, हें दोघींनीं हातवाऱ्यांनीं ठरवून टाकलें. पुढें उन्हाळा आला तेव्हां त्याच परड्यांत कारलीं, वांगीं आणि भेंडी लागली. तागाचा कोवळा पालाही होता, तो त्या भाजीसाठीं वापरीत. या सर्वांत आंबवलेल्या मासळीचा 'बागोऑंग' नांवाचा खार घालून त्या भाजी करीत. गल्लींतील इतर लोक त्या वासानें खिडक्या लावून घेत. मी कोकणांतला, खाऱ्या मासळीच्या वासानें खिडकी लावणाऱ्यांची मला गंमत वाटे.

कोकणाचें नांव निघालेंच आहे तर सांगतों. लोलांचें माहेर लुझॉन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, इलोकोस नांवाच्या मुलखांत. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्यें चिंचोळी पट्टी. जमीन थोडी आणि खाणारीं तोंडें फार. आपल्याकडे कोकणांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जाई आणि गांवाकडे मनिऑर्डर येई. त्याप्रमाणेंच इलोकोसचा तरुण हवाईच्या उंसाच्या मळ्यांत नाहींतर कॅलिफोर्नियाच्या शेतांत जाई. पंधरा मजुरांची पहिली तुकडी १९०६ सालीं हवाईस उतरली आणि मग तो ओघ पंचवीस-तीस वर्षें चालला. फरक इतकाच कीं आमचा माणूस शिमग्याला आणि गणपतीला घरीं येई. त्यांच्या आड प्रशांत महासागर होता.

लोलांचे यजमान १९२९ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं असे निघून आले. स्पेननें १८९८ च्या तहानें फिलिपाइन्स बेटें अमेरिकेला दोन कोटि डॉलर घेऊन दिलीं होतीं. त्यामुळें तेथील माणूस अमेरिकेंत परका समजला जात नसे. परंतु त्याला नागरिकही म्हणत नसत. स्टॉक्टनच्या आसपास नद्यांच्या गाळाची काळी, भुसभुशीत जमीन आहे. शतावरीच्या जातीची एक भाजी तेथें त्या काळीं मोठ्या प्रमाणावर होत असे. तिचे कोवळे कोंभ जमिनीलगत लांब सुरीनें एक एक करून कापावे लागतात. पहांटेपासून कंबरेंत वांकून हें काम करावयाचें. त्या मातीची धूळ अंगाला लागली कीं रात्रभर खाज सुटते. हें काम पिढीच्या पिढी फिलिपिनो तरुणांनीं केलें. राहण्यासाठीं शेतावरचे तंबू आणि छपरें. हंगाम संपला कीं शहरांतील एल डोराडो आणि लाफायेट या रस्त्यांवरील स्वस्त खाणावळी आणि खोल्या. या वस्तीला पुढें 'लिटल मनिला' म्हणूं लागले. फिलिपाइन्सबाहेर इतके फिलिपिनो दुसऱ्या कोणत्याही शहरांत त्या काळीं नव्हते, असें इतिहासकार सांगतात.

आतां जी गोष्ट सांगतों ती समजल्यावांचून लोलांचें आयुष्य समजणार नाहीं. हे सर्व तरुण एकटे आले होते. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत चौदा फिलिपिनो पुरुषांमागें एक फिलिपिनो स्त्री असें प्रमाण होतें. त्यांनीं गोऱ्या मुलींशीं लग्न करूं नये म्हणून कॅलिफोर्नियानें १९३३ मध्यें आपल्या विवाहाच्या कायद्यांत 'मलायी वंश' असे शब्द मुद्दाम घातले. ती बंदी तेथील वरिष्ठ न्यायालयानें १९४८ सालीं उठवली. त्यापूर्वीं, १९३४ मध्यें, अमेरिकेनें बेटांना पुढें स्वातंत्र्य देण्याचें वचन दिलें आणि त्याच कायद्यानें वर्षाला फक्त पन्नास माणसें येऊं शकतील अशी मर्यादा घातली. म्हणजे गांवाहून बायको आणण्याची वाटही बंद! परत जाणारास १९३५ च्या कायद्यानें फुकट तिकीट मिळे. अट अशी कीं पुन्हां येण्याचा सहसा विचार करूं नये. दोन हजारांच्या आसपास लोकांनींच तें तिकीट घेतलें. बाकीचे राहिले, आणि तसेच म्हातारे झाले. उपवर मुलांच्या एका सबंध पिढीला संसार घडूं दिला नाहीं, असें मला तरी दुसरें उदाहरण ठाऊक नाहीं.

युद्धानें हें थोडें बदललें. १९४२ मध्यें कॅलिफोर्नियांतच पहिली फिलिपिनो पायदळ पलटण उभी राहिली. लोलांचे यजमान तींत भरती झाले. जो माणूस काल नागरिकत्वाला नालायक होता त्याला गणवेषांत नागरिकत्व देण्यांत आलें. १९४५ सालीं पलटण लेयते आणि सामार बेटांवर उतरली. युद्ध संपल्यावर रजा मिळाली तेव्हां ते सतरा वर्षांनीं आपल्या गांवीं गेले. वय छत्तीस. दोन आठवड्यांत सोयरीक जमली, देवळांत लग्न झालें. नवरी वीस वर्षांची. ती नवरी म्हणजे आमच्या लोला. सैनिकांच्या बायकांना येऊं देणारा कायदा डिसेंबर १९४५ मध्यें झाला होता. त्याच्या आधारें १९४७ सालीं त्या आगबोटीनें सान फ्रान्सिस्कोस उतरल्या.

जातां जातां सांगतों. २ जुलै १९४६ रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं एका कायद्यावर सही केली. त्यानें फिलिपिनो आणि हिंदी, या दोघांना एकाच वेळीं नागरिक होण्याची मुभा मिळाली, आणि दोघांनाही वर्षाला शंभर जागा मिळाल्या. लोलांनीं १९५३ सालीं शपथ घेतली ती या कायद्यामुळें. स्टॉक्टनमध्यें शिखांचा गुरुद्वारा १९१२ पासून आहे. पंजाबी आणि इलोकानो त्याच मातींत राबले. माझ्या मुलीचें नागरिकत्व पुढच्या कायद्याचें असलें तरी त्या वाटेवरचा पहिला दगड या लोकांनीं हलवला. मीं हें लोलांना सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "तर मग आपण एकाच रांगेंतले."

नव्या नवरीचा पहिला रविवार. यजमानांनीं सांगितलें, "आज माझे दोन-तीन मित्र जेवायला येतील." आले अकरा! सर्व चाळिशीच्या आसपासचे, कोट-टाय घातलेले, केसांना तेल लावून आलेले. खोलींत खुर्च्या चार. बाकीचे पलंगावर, पेटीवर, उंबऱ्यावर बसले. लोलांनीं वांगीं-कारल्याची भाजी आणि भात केला होता, तो तीन जणांच्या मापाचा. पुन्हां भात टाकला. कोणी फारसें बोललें नाहीं. जेवण झाल्यावर एकजण भांडीं घासूं लागला. दुसऱ्यानें फडकें घेतलें. जातांना प्रत्येकानें त्यांना 'मनांग' म्हटलें. मनांग म्हणजे थोरली बहीण. स्पॅनिश शब्दाचा हा अपभ्रंश आहे. वीस वर्षांच्या मुलीला चाळीस वर्षांचे पुरुष थोरली बहीण म्हणत होते! "मला हंसूं आलें," लोला मला म्हणाल्या, "आणि भीतीही वाटली. बहीण म्हटल्यावर पुढच्या रविवारीं नाहीं म्हणतां येईना."

तो पुढचा रविवार जवळजवळ चाळीस वर्षें येत राहिला.

१९५५ मध्यें त्यांनीं तें घर घेतलें. तीन मुली, दोन मुलगे झाले. यजमान शेतांतून निघून डबे भरण्याच्या कारखान्यांत लागले; लोलाही हंगामांत तेथें टोमॅटो निवडण्यास जात. इतका वेळ कोठून आणीत कोण जाणे, पण दर रविवारीं जेवणास आठ-दहा म्हातारे असतच. कोणाचे दांत पडले, कोणाला मधुमेह झाला, त्याप्रमाणें भात मऊ किंवा कमी होई. डॉक्टरकडे जावयाचें तर मनांग बरोबर. सरकारी कागद आला तर तो मनांगनें वाचावयाचा.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॉक्टन शहरांतून उंच मोटार-रस्ता काढण्याचें काम सुरू झालें. तो नेमका लिटल मनिलावरून गेला. खाणावळी, न्हाव्यांचीं दुकानें, खोल्यांचीं हॉटेलें पाडलीं. ज्या म्हाताऱ्यांचें घर म्हणजे एक खोली आणि खिडकीपुढील रस्ता, त्यांचें दोन्ही गेलें. लोलांनीं मोटार ठेवण्याच्या खोलींत दोन खाटा टाकल्या. एक म्हातारा तेथें नऊ वर्षें राहिला आणि दुसरा चौदा. भाडें विचारलें तर त्या म्हणत, "परड्यांतले तण काढतात ना!" यजमान १९७९ सालीं वारले, ते दोघे मात्र त्याच खोलींत राहिले. लोकांनीं नांवें ठेवलीं असतील. त्यांनीं तीं ऐकलीं नसावींत, कारण त्यांना ऐकण्यास फुरसत नव्हती.

हे म्हातारे एक एक करून मरूं लागले तेव्हां लोलांनीं एक वही केली. मीं ती पाहिली आहे. मुलांच्या शाळेंतली साधी रेघांची वही. तींत शिसपेन्सिलीनें उभे रकाने पाडलेले: नांव, गांव, बापाचें नांव, गेल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना 'आवड'. मी जन्मभर हजेरीपट भरले. परंतु असा हजेरीपट पाहिला नाहीं. बापाचें नांव कशासाठीं, असें मीं विचारलें. त्या म्हणाल्या, "गांवाला पत्र लिहिलें तर नुसत्या नांवानें कोणाला ओळखणार? चाळीस वर्षें झालेलीं. बापाच्या नांवानें कोणीतरी म्हणतें, अरे, तो आमचा." तेवीस नांवें होतीं. कांहीं गांवांहून उत्तरें आलीं होतीं, तीं वहींतच टांचलेलीं होतीं.

आणि 'आवड' हा रकाना कशासाठीं, तें मला नोव्हेंबरांत कळलें. तें पुढें सांगतों.

लोलांचें मन केवळ म्हाताऱ्यांतच गुंतलें होतें असें समजूं नये. गांवाकडील माणसांसाठीं त्यांनीं जें केलें तें सांगूं लागलों तर वेळ पुरणार नाहीं. दर दोन-तीन महिन्यांनीं एक मोठें खोकें आगबोटीनें रवाना होई: साबण, टॉवेल, डब्यांतलें मांस, चॉकलेट, जोडे. जोड्यांचें माप चुकूं नये म्हणून गांवाहून पत्राबरोबर कागदावर पाऊल ठेवून काढलेली पेन्सिलीची रेघ येई. बहिणींच्या आणि भावाच्या मुलांच्या पावलांचे असे कागद त्यांनीं जपून ठेवले होते. त्यांतला एक इवलासा पाय पुढें एका भाचीचा निघाला. ती आतां साठीची असून सान फ्रान्सिस्कोस इस्पितळांत परिचारिका होती. १९६५ च्या कायद्यानें नागरिकांना आपलीं भावंडें आणतां येऊं लागलीं, तेव्हां लोलांनीं दोन्ही बहिणींसाठीं अर्ज केले. त्यांच्या मुलांसाठीं जामीनपत्रांवर सह्या केल्या. अशीं एकोणीस माणसें त्यांच्या सहीनें समुद्र ओलांडून आलीं, आणि प्रत्येकानें पहिले सहा महिने त्यांच्याच घरीं काढले.

एका भावाचें मात्र त्यांना कांहीं करतां आलें नाहीं. हा भाऊ जपानी लोकांविरुद्ध डोंगरांतून लढलेल्या टोळींत होता. अमेरिकेच्या झेंड्याखालीं लढणाऱ्या अशा फिलिपिनो सैनिकांना निवृत्तीचे हक्क मिळतील असें सांगण्यांत आलें होतें. फेब्रुवारी १९४६ च्या कायद्यानें बहुतेक हक्क काढून घेतले. म्हणजे नवऱ्याला पलटणींतून सर्व हक्क आणि भावाला नाहीं! लोलांनीं त्याच्यासाठीं तीस-पस्तीस वर्षें अर्ज केले. भाऊ २००३ सालीं वारला. २००९ मध्यें अमेरिकन सरकारनें एकरकमी भरपाई दिली, अमेरिकन नागरिकास पंधरा हजार डॉलर आणि इतरांस नऊ हजार. ती हयात असलेल्या सैनिकांस मिळावयाची होती. या विषयावर बोलतांनाच मीं लोलांचा आवाज चढलेला ऐकला. "माझ्या भावाला पैशांची गरज नव्हती," त्या म्हणाल्या, "त्याला तो कागद हवा होता."

त्या मला 'माएस्त्रो' म्हणत, म्हणजे मास्तर. त्यांच्या देशाच्या टागालोग भाषेंत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात हें त्यांनींच सांगितलें, आणि मग मला तो नादच लागला. 'मुखा' म्हणजे तोंड, 'आसा' म्हणजे आशा. 'दुखा' म्हणजे मात्र दुःखी नव्हे, दरिद्री. संस्कृत शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मलायामार्गें तेथवर गेले असावेत. दुःख या शब्दाचा एवढा एकच अर्थ कां उरला, असें मीं मोठ्या पंडिताप्रमाणें विचारलें. लोला वांगीं चिरीत होत्या. "दुसरा अर्थ लागत नाहीं म्हणून," त्या म्हणाल्या.

आतां मला थोडें कटू बोलावयाचें आहे. अशा बाईंविषयीं बोलतांना गोडच बोलण्याचा मोह होतो. पण त्यांच्या थोरल्या मुलीनें जें सांगितलें तें वगळणें म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणें होईल. ही मुलगी आतां चौऱ्याहत्तर वर्षांची. लोलांच्या मागें नऊ रात्री घरांत जपमाळेची प्रार्थना चालते, रोज माणसें जमतात, जेवतात. आपल्या दिवसकार्यासारखेंच तें. सहाव्या कीं सातव्या रात्रीं पाहुणे गेल्यावर ती आमच्याकडे भांडीं परत करण्यास आली आणि बसली. ती म्हणाली, "सगळे येऊन सांगतात, तुझी आई आमची आई होती. तें खरें आहे. पण मास्तर, ती सर्वांची आई होती म्हणून आम्हांला अर्धीच मिळाली." रविवारीं मांस आधीं म्हाताऱ्यांना वाढलें जाई. मुलींना मैत्रिणींकडे जातां येत नसे. भांडीं कोण घासणार? आणि सर्वांत मोठें शल्य तें वेगळेंच. तिला शाळेंत शिकवावयाचें होतें. लोलांनीं तिला परिचारिका केलें. कारण परिचारिकेला नोकरी लगेच लागते, पगार बरा, आणि त्या पगारावर मावशांच्या मुलांचीं जामीनपत्रें भरतां येतात. "मी चांगली परिचारिका झालें," ती म्हणाली. "छत्तीस वर्षें. रोज सकाळीं कामावर जातांना शाळेवरून जात असें."

मीं काय उत्तर द्यावें? मी मास्तर, कोणी शिक्षक होऊं इच्छीत होतें आणि झालें नाहीं हें ऐकून मला वाईट वाटणारच. मला वाटतें लोलांचें चुकलें. एकोणीस माणसें आणतांना विसाव्या माणसाला विचारावयाचें राहून गेलें, आणि तें माणूस घरांतलेंच होतें. आमच्या मंडळींचें मत निराळें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं त्या काळीं, त्या पैशांत, घरांत दोन म्हातारे आणि पांच मुलें असतां कोणत्याही आईनें तेंच केलें असतें. आमचा हा वाद अजून मिटलेला नाहीं.

आतां तो नोव्हेंबर. इलोकोसकडे 'आतांग' म्हणून एक चाल आहे. ते कॅथलिक खरे, परंतु ही चाल त्यांच्या ख्रिस्ती होण्यापूर्वींची असावी. मृतांसाठीं बशींत अन्न वाढून देव्हाऱ्यापुढें ठेवतात: तांदळाचे नारळ घातलेले गोड पदार्थ, उकडलेलें अंडें, तंबाखू, आणि विड्याचें पान-सुपारी. पितृपक्षांतलें पान आणि ही बशी यांत मला तरी अंतर दिसलें नाहीं. सर्व मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला येतो. लोला त्या दिवशीं मोठी थाळी वाढीत आणि वहींतलीं तेवीस नांवें, गांव आणि बापाच्या नांवासकट, मोठ्यानें वाचीत. ज्याची जी आवड, तिचा एक घांस त्या थाळींत असे. म्हणून तो रकाना. विड्याचें पान त्यांना त्या शहरांत पूर्वीं मिळत नसे. पुढें पंजाबी वाण्याकडे मिळूं लागलें.

लोला गेल्याला तीन आठवडे झाले होते. १ नोव्हेंबरच्या सायंकाळीं थोरली मुलगी कुंपणापाशीं आली आणि आमच्या मंडळींना विचारूं लागली, सुपारी फोडावयाची कशी? तिनें आईला फोडतांना पाहिलें होतें, पण कधीं हातीं घेतली नव्हती. मंडळींनीं अडकित्ता नेला. मुलीकडे राहावयास जातांना त्या तो नेहमीं बरोबर नेतात, याची मी पूर्वीं थट्टा करीत असें.

दुसऱ्या दिवशीं आम्हांलाही बोलावलें होतें. घर भरलेलें होतें. मुलीनें चष्मा लावला आणि वही उघडली. इलोकानो गांवांचीं नांवें तिला नीट येत नव्हतीं. दोन ठिकाणीं ती अडखळली, तेव्हां एका वृद्ध मावशीनें उच्चार सांगितला. एकोणिसावें आणि विसावें नांव त्या मोटारीच्या खोलींत राहिलेल्या दोघांचें. तीं वाचतांना तिनें वहीवरून डोळे काढले. तीं तिला पाठ होतीं. तेवीस झालीं. चोविसाव्या ओळींत तिनें आदल्या रात्रीं आईचें नांव लिहिलें होतें, गांव लिहिलें होतें, आजोबांचें नांव लिहिलें होतें. 'आवड' हा रकाना कोराच होता. तिनें सर्वांकडे पाहून विचारलें, "मामाला काय आवडत असे?" मामा म्हणजे त्यांच्याकडे आई.

खोलींत तीस-पस्तीस माणसें होतीं. एकानें भाजी म्हटलें, दुसऱ्यानें भात. ती भाजी आपल्याला आवडत असे, म्हणून आई करीत असे, असें कोणीतरी म्हणालें. वादच झाला. शेवटीं सहा-सात वर्षांचा एक पणतू म्हणाला कीं लोला सकाळीं सर्वांच्या आधीं उठून शिळा भात तव्यावर लसणीत परतून उभ्या उभ्या खात असत, आणि त्यालाही एक घांस देत असत. कोणाला सांगूं नकोस म्हणून त्यांनीं बजावलें होतें.

मुलगी स्वयंपाकघरांत गेली. थोड्या वेळानें लसणीचा वास आला.